वाट नसलेली बांधी

गोंदियासारख्या भाताच्या मुलखात बांधीची मालकी हे अर्धेच सुख असते. ज्याची जमीन चहूबाजूंनी परक्या बांध्यांनी वेढलेली, त्याचा सातबारा कितीही निर्वेध असो, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन आलेल्या बायांना शेजाऱ्याने धुऱ्यावरच अडवले की त्या कागदाची खरी किंमत त्याला कळते. मग तो तहसील कचेरीत जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली अर्ज करतो, आणि चौकशीअंती तहसीलदार त्याला धुऱ्यावरून वाट देतो.

जी स्त्री मोबदला घेऊन आपला देह परक्याच्या स्वाधीन करते, तिच्यापुरती आपल्या कायद्याने अशीच वाट नसलेली मालकी निर्माण केली आहे. 1956 चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम प्रौढ स्त्रीच्या स्वेच्छेच्या देहविक्रयाला, त्या कृत्यापुरते, अपराध म्हणत नाही. परंतु दोघींनी परस्परांच्या फायद्यासाठी एक खोली वापरली की तिचा कुंटणखाना होतो, रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावले की कलम 8 लागते, आणि देवळापासून वा शाळेपासून दोनशे मीटरांच्या आत व्यवहार झाला की कलम 7. कलम 4 तर तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीस दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरवते. रोख दलालावर आहे, हे उघड. पण दलाल आणि आईच्या पैशावर शिकणारा मुलगा यांना निराळे करणारा शब्द त्या कलमात नाही.

गोंदियाहून सुटणारी मेमू ज्या इतवारीला जाते, त्याच भागातील नागपूरच्या गंगा-जमुना या देहविक्रयाच्या वस्तीच्या तोंडाशी ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी कठडे उभे केले. अल्पवयीन मुलींचा व्यापार मोडणे हा हेतू सांगण्यात आला, आणि त्या हेतूशी कोणता शहाणा मनुष्य वाद घालील? परंतु कठडा कोणाचे वय विचारत नाही.

पोटासाठी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून पायांची कातडी पांढरी पडलेली बाईही पोटासाठीच तेथे असते, आणि तिच्या मुक्तीसाठी तिलाच कोंडून ठेवावे असे कोणी म्हणत नाही. देहविक्रयात रोग आणि मारहाण यांचे भय अधिक, हे मला मान्य आहे. पण ज्या बाईला फिर्याद घेऊन चौकीची पायरी चढण्याचेच भय, तिचे ते भय कायद्याने वाढवले की कमी केले? कलम 17 खाली तर सोडवलेल्या प्रौढ स्त्रीलाही एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. सप्टेंबर 2020 मध्ये अशाच तिघींना मोकळे करताना, प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

म्हणून सरकारी परवाना द्यावा, असेही मी म्हणणार नाही. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने इंग्रज सरकारने या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी करून पाहिली; 1888 मध्ये तो रद्द करावा लागला. गुन्ह्याचा शिक्का पुसून कपाळी नोंदणीचा शिक्का मारणे, याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. मागणे वाटेचे आहे.

कलकत्त्यातील अशाच एका स्त्रीच्या खुनाच्या अपिलातून पुढे वाढलेल्या प्रकरणात 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 21 मधील प्रतिष्ठेचे जीवन या स्त्रियांचेही आहे असे बजावले, आणि केवळ आईच्या व्यवसायापायी मूल तिच्यापासून तोडू नये असेही सांगितले. त्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की काय, याचे उत्तर अजून कलम 4 मध्येच आहे.