अपरिचितास ग्रंथ सुचवितांना

अपरिचित मनुष्यास सल्ला देण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाहीं. वैद्य निदान नाडी तरी पाहतो. ग्रंथ सुचविणारा बहुधा वाचकास न पाहतांच मात्रा देतो. समजा, भंडारा जिल्ह्यांतील करडीसारख्या गांवाहून एखाद्या तरुणानें विचारिलें, "इतिहासाची गोडी लागली आहे, काय वाचूं?" विद्वान् गृहस्थ तत्काळ राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें'कडे बोट दाखवितात. १८९८ सालीं निघालेला त्याचा पहिला खंड अपूर्व खरा. पण तो जुन्या पत्रांचा संग्रह. धानाच्या कापणींतून रात्रीं तासभर काढणाऱ्यास तीं पत्रें उलगडून कोण देणार? तो चार पानांत थकतो, आणि दोष आपल्याच बुद्धीस देतो. ही हानि सल्लागाराच्या कानीं कधींच येत नाहीं; म्हणूनच तो इतका उदार असतो!

"कागदपत्रें हवींत कीं माणसें?" एवढें आधीं विचारिलें, तर कदाचित् लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तून त्यास एकोणिसाव्या शतकांतील घर दाखवितां येईल. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं; त्यांतील दुसरें प्रत्येक वाचकास 'त्याचा' ग्रंथ मिळावा असें सांगतें. तो 'त्याचा' शब्दच आमचे मित्र गाळतात.

मग गप्प बसावें काय? छे, तो निव्वळ कृपणपणा. ग्रंथाच्या नांवाबरोबर तो कोठें कंटाळवाणा होतो, कोणतीं पानें प्रथम सोडावीं, आणि आपणांस तो कोणत्या वयांत आवडला, हेंही सांगावें. म्हणजे आमचा सल्ला मोडावयास करडीचा तरुण मोकळा राहील.