बाळंतिणीचे अश्रू आणि ईमानचा प्रश्न

घरात मूल जन्मले, त्याच्या कानात अजान दिली गेली, अकीकाची तयारी सुरू झाली; आणि अशा वेळी आई मात्र रडत बसली, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज निघते, ‘अल्लाहने एवढी नेअमत दिली, तरी ही नाशुक्री!’ या उद्गारात एक नैतिक निवाडा आहे. तो न्याय्य आहे काय, हे शरीअतच्या प्रकाशात तपासणे आवश्यक आहे.

सूरह मरयममध्ये ह. मरयम (अ.) यांच्या प्रसूतीचे वर्णन आहे. वेदनांनी व्याकूळ होऊन, यापूर्वीच मृत्यू आला असता तर बरे, असे त्या म्हणाल्या (१९:२३). या उद्गाराबद्दल त्यांना दोष दिला गेला नाही. प्रथम दिलासा मिळाला, मग पाणी व ताजी खजूर मिळाली आणि अखेरीस लोकांना उत्तरे देण्याच्या ओझ्यातून सुटका झाली (१९:२४-२६). त्यांचा प्रसंग अद्वितीय होता, त्याला आजार म्हणणे गैर ठरेल. परंतु दुःख बोलून दाखवल्याने ईमान जात नाही, हे त्यातून निश्चित कळते.

दुसरा पुरावा निफासच्या आदेशांत आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव असेपर्यंत, हनफी मतानुसार जास्तीत जास्त ४० दिवस, नमाज माफ आहे आणि तिची कजाही नाही. जिथे अल्लाहने स्वतःचा हक्क शिथिल केला, तिथे पाहुण्यांची सरबराई आणि मुलगी झाल्याचे टोमणे तिच्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून काळवंडणाऱ्या चेहऱ्याचा कुरआनने निषेध केला आहे (१६:५८-५९). २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८५२ मुली होत्या. हा निषेध आपल्यालाही लागू आहे.

बाळंतपणानंतरचे हळवेपण बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो. भारतातील ३८ अभ्यासांच्या २०१७ मधील आढाव्यानुसार शंभरपैकी सुमारे २२ मातांमध्ये त्याची लक्षणे आढळली. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले अथवा भास होऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अल्लाहने प्रत्येक रोगावर उपाय उतरवला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दुआ अवश्य करावी. पण नजर किंवा आसेब समजून उपचार लांबवणे या शिकवणीत बसत नाही.

ही सेवा उपकार आहे की हक्क? तलाकच्या आदेशांच्या ओघातच कुरआन सांगतो की, दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर आहे आणि मुलामुळे मातेला त्रास दिला जाऊ नये (२:२३३). विभक्त झालेल्या मातेचा हा हक्क असेल, तर घरात नांदणाऱ्या पत्नीचा किती अधिक! प्रेषित (स.) घरी असताना घरकामात हातभार लावीत, असे ह. आयशा (रजि.) सांगतात. दुःखी माणसाच्या मनाला आराम देणारी जवाची खीर, तलबीना, करून देण्याची शिफारसही त्यांनीच केली आहे. पतीने रात्री बाळ सांभाळून पत्नीला सलग झोप मिळवून देणे हे याच सुन्नतला धरून आहे.

आपल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कार्यात गावातल्याच साध्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. दार ठोठावून आपुलकीने विचारपूस करणारी बाई किती बदल घडवते, हे त्यांनी दाखवून दिले. आज आशा ताईही प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. बाळाचे वजन पाहून झाल्यावर सासूने त्यांच्यासमोर सुनेच्या मनाचीही गोष्ट काढावी. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जुम्याच्या खुतब्यातही इमाम साहेबांनी हा विषय घ्यावा, कारण पतींपर्यंत तो तिथूनच पोहोचेल.

अल्लाह आपल्या घरांतील मातांच्या मनाला सकीनत देवो आणि त्यांचे हक्क अदा करण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.