गर्दीतील एकान्त

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय मुनींनी युधिष्ठिराला धर्मव्याधाचे आख्यान सांगितले आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण वेदाध्ययनसंपन्न आणि तपस्वी होता. झाडाखाली बसला असता एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहताच ती बगळी गतप्राण होऊन कोसळली. पुढे भिक्षेस गेला असता पतिसेवेत गुंतलेल्या एका गृहिणीने त्याला तिष्ठत ठेवले, तेव्हा तोच क्रोध पुन्हा उसळला. त्या साध्वीने त्याला मिथिलेच्या व्याधाकडे धर्म शिकण्यास पाठविले.

कौशिक तेथे पोहोचला, तेव्हा व्याध दुकानात बसून मांस विकीत होता. गिऱ्हाइकांची दाटी एवढी की ब्राह्मणाला एका बाजूस उभे राहावे लागले. मूळ संहितेत या ठिकाणी ‘एकान्त’ हाच शब्द योजिला आहे, ही गोष्ट मननीय आहे. गर्दीपासून दूर उभ्या असलेल्या कौशिकाला लाभला तो स्थळाचा एकान्त. अंतःकरणात मात्र बगळीला जाळणारा क्रोध होताच. उलट, गर्दीच्या मध्यभागी बसलेला व्याध आतून शांत होता. म्हणूनच अतिथी आल्याचे त्याला न सांगता कळले आणि तो लगबगीने उठून सामोरा गेला.

या शांतीचे मूळ कशात होते? आपला धंदा निर्दोष आहे, असे व्याध कोठेही म्हणत नाही. तो कर्माला घोर म्हणतो आणि त्या दोषाच्या निवारणार्थ आपण झटत आहो, असेही सांगतो. तो स्वतः प्राणी मारीत नाही, मांस खात नाही. सत्य बोलतो, कोणाचा मत्सर करीत नाही, यथाशक्ति दान देतो आणि देव, अतिथी व सेवक यांचे झाल्यावर उरेल त्यावर निर्वाह करतो. धूमाने अग्नी वेढलेला असावा तशी सर्वच कर्मे दोषाने वेढलेली असतात, या गीतेच्या अठराव्या अध्यायातील सिद्धांताचे हे चालतेबोलते भाष्य होय. दोष झाकणे हा दंभ आणि दोषाच्या भयाने कर्तव्य टाकणे हा पळपुटेपणा. व्याधाने दोन्ही टाळले.

नर्मदातीरीच्या जबलपुरातील गृहस्थाला वाटते की शांती असेल ती ग्वारीघाटावर, पहाटेच्या स्नानात. १९०४ साली स्थापन झालेल्या तेथील गन कॅरिज कारखान्यात पाळीला उभ्या राहिलेल्या कामगारांच्या मनातही हा विचार कितीदा आला असेल! पण बाजारात रविवारी सकाळी एकट्याने दुकान सांभाळणारा खाटीकच पाहावा. मदतीला कोणी नाही, गिऱ्हाईक खोळंबले आहे, हात क्षणभर थांबत नाही. घाईचा फायदा घेऊन तागडी झुकविली, तरी कोण पाहणार? तरीही जो मापात पाप करीत नाही, गरिबाच्या पावशेराला श्रीमंताच्या मागणीइतकाच मान देतो आणि उर्मट शब्दाला उर्मट उत्तर देत नाही, त्याला दुकान बंद करताना लाभणारे समाधान मिळकतीवर अवलंबून नसते. ते स्वकर्माने ईश्वराची पूजा घडल्याचे समाधान असते. घाटावर मन निवळते हे खरे. पण ते निवळले की नाही, याची परीक्षा गर्दीतच होते.

अखेरीस व्याधाने कौशिकाला आपल्या वृद्ध मातापित्यांचे दर्शन घडविले आणि सांगितले, “हीच माझी दैवते.” कौशिक तर आपल्या अंध आईबापांना न विचारताच वेदाध्ययनासाठी निघून आला होता! मनुष्य द्विज होतो तो आचरणाने, ही कबुली त्या वेदज्ञ ब्राह्मणाने एका मांसविक्रेत्यापुढे दिली आणि तो घरी परतून मातापित्यांच्या सेवेस लागला.

गृहस्थांनी एकान्त अवश्य शोधावा. परंतु आपल्या वाट्याच्या कामाकडे पाठ फिरवून नव्हे. हातात तागडी असो, लेखणी असो वा पळी, तेथेच तो सापडतो.