सेवा आणि सत्ता

वृद्ध आणि आजारी माणसांची काळजी घ्यायला शिकवणारे वर्ग आता शहरांमधून निघाले आहेत. तिथे रक्तदाब मोजायला शिकवतात, साखर तपासायला शिकवतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, नळीतून पातळ अन्न कसं द्यायचं, वॉकर धरून चालणाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, हेही शिकवतात. हे सगळं हवंच. मनाचा विषय निघाला की मात्र शिकवणं एका वाक्यात उरकतं : प्रेमानं वागा, संयम ठेवा, आपलेच आईवडील समजून करा. हा उपदेश झाला. आपल्याच आईवडिलांना प्रेमापोटी पांगळं करून ठेवणारी मुलं घरोघरी आहेत, त्यामुळे प्रेम पुरत नाही हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

काळजी घेणं हा दोन असमान माणसांमधला व्यवहार आहे. एकाला उठता येत नाही, दुसरीला येतं. मग कधी उठायचं, आधी चहा की आधी अंघोळ, पंखा कितीवर ठेवायचा, खोलीचं दार उघडं की लोटलेलं, असे बारीकसारीक निर्णय हळूहळू दुसरीच्या हाती जातात. ते कुणी हिसकावून घेत नाही, सोयीसोयीनं सरकत जातात. या कामाचं मानसशास्त्र शिकायचं तर सुरुवात या सरकण्यापासून करावी लागते.

मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचा चिकाटीनं अभ्यास केला. त्या आणि त्यांचे सहकारी वृद्धनिवासांमध्ये बसून रहिवासी आणि कर्मचारी यांच्यात प्रत्यक्ष काय घडतं याच्या नोंदी करत. चित्र पुन्हा पुन्हा तेच दिसलं. रहिवासी हातपाय गाळून बसला की कुणीतरी तत्परतेनं मदतीला येतं, आणि तो आपलं आपण काही करत असला की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. परावलंबनाला दाद मिळते, स्वावलंबनाला मिळत नाही. बाल्टेस यांचं पुढचं निरीक्षण अधिक बोचरं आहे. जिथे माणसाचा सहवास फक्त मदतीच्या निमित्तानं मिळतो, तिथे असहाय होणं हा वेडेपणा नसतो. सोबत मिळवण्याचा तो एक रास्त मार्ग असतो.

आपल्याकडे हे कसं घडतं ते कुठल्याही घरात पाहायला मिळेल. आजोबा सदऱ्याची बटणं लावताहेत. पाच मिनिटांत दोन लागली आहेत. काळजीसाठी ठेवलेल्या मावशींना पुढे नाश्ता द्यायचाय, गोळ्या द्यायच्यात, अंघोळीचं पाणी काढायचंय. 'द्या इकडे, मी लावते,' म्हणून त्या अर्ध्या मिनिटात काम संपवतात. महिनाभरानं आजोबा बटणांना हात लावेनासे होतात, सदरा दिसला की हात पसरून उभे राहतात. भेटायला आलेला मुलगा म्हणतो, 'बाबा फार थकले हो.' थकले असतीलही. पण त्या थकण्यात वयाचा वाटा किती आणि अर्ध्या मिनिटाच्या घाईचा किती, हे कुणी विचारत नाही.

यावरचा उपाय 'मदत करू नका' हा नव्हे. मदतीची उतरंड ठरवायची : आधी शब्दांनी सुचवायचं, मग खुणेनं दाखवायचं, मग हाताला हात लावायचा आणि शेवटी आपण करायचं. आणि ज्या वेळी माणूस स्वतः काही करतो आहे, नेमकी तीच वेळ शेजारी बसून गप्पा मारायची. सोबत कशासाठी मिळते यावर माणसाचं वागणं ठरतं.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात झाला. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली तो प्रसिद्ध केला. एका वृद्धनिवासाच्या एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगण्यात आलं की, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. हे रोपटं हवं असेल तर निवडा आणि त्याची निगा राखा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी मिळाली, पण त्यांना पाणी कर्मचारी घालतील असं सांगितलं गेलं. काही आठवड्यांतच पहिला गट अधिक ताजातवाना आणि हालता-फिरता दिसू लागला. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा पहिल्या गटातल्या 47 पैकी 7 जण, तर दुसऱ्यातल्या 44 पैकी 13 जण मरण पावले होते.

व्याख्यानांतून हा प्रयोग 'रोपट्यानं आयुष्य वाढवलं' अशा थाटात सांगितला जातो. तसं सांगू नये. माणसं थोडी होती, आणि मृत्यूंच्या आकडेमोडीत चूक झाल्याची दुरुस्ती पुढे संशोधकांनीच छापली. ती केल्यावर तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर डळमळीत ठरला. आयुष्यवाढीचा दावा बाजूला ठेवला तरी रोजच्या उत्साहातला फरक उरतो, आणि आपल्याला तेवढा पुरेसा आहे. निवड किती क्षुल्लक होती ते पाहा : एक कुंडी, सिनेमा बघायचा दिवस, खुर्ची कुठे ठेवायची. म्हातारपणी मोठे निर्णय थोडेच उरतात. म्हणून छोट्यांचं मोल वाढतं.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही कल्पना मांडली : काही केलं तरी फरक पडत नाही, हे प्राणी शिकतो आणि मग प्रयत्न सोडतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 साली, मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे त्याच दोघांनी ती कल्पना उलटी केली. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे. काळजीच्या कामाला मी यातून असा धडा घेतो : खचलेल्या माणसाला 'उठा, काही होत नाही' म्हणून भागत नाही. आपल्या शब्दाला इथे किंमत आहे, याचा अनुभव त्याला दिवसातून अनेकदा यावा लागतो. भाजी कुठली करू, असं विचारलं तर सांगितलेली भाजी खरोखर ताटात यावी लागते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्याची बुद्धीच शाबूत नाही, त्याला निवड कसली द्यायची? भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा हा आक्षेप बाजूला सारता येत नाही.

टॉम किटवुड या ब्रिटिश अभ्यासकाचं 1997 सालचं पुस्तक या प्रश्नाला भिडतं. मेंदूच्या झिजेनं जेवढं नुकसान होतं त्यात भोवतालच्या माणसांचं वागणं भर घालतं, असं त्यांनी दाखवलं आणि अशा वागण्याची यादीच केली. बाळासारखं बोलणं, भराभर बोलून माणसाला मागे टाकणं, तो समोर असताना त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं, फसवून काम करून घेणं. यातलं काहीही दुष्टपणानं होत नाही. 'आज जेवल्या का हो या?' हा प्रश्न आजींच्या देखत मावशींना विचारणारे डॉक्टर आणि नातलग आजींचं वाईट चिंतत नसतात.

'त्यांच्या कुठे लक्षात राहतंय!' हा या सगळ्यावरचा ठरलेला बचाव. तो खोटा आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपट-प्रसंग दाखवले. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून उमटलेली भावना आठवणीपेक्षा जास्त वेळ टिकून राहिली. म्हणजे सकाळी अंघोळीच्या वेळी कुणी खेकसलं, हे आजींना दुपारी आठवणार नाही. मनातली भीती मात्र असेल, आणि कारण सापडत नसल्यानं ती अधिक छळेल. ज्याला कारण सांगता येत नाही, त्याचं वागणं हीच त्याची तक्रार असते. अंघोळीला नकार म्हणजे हट्ट नसून थंडी असेल, लाज असेल, पाणी डोक्यावर पडण्याची धास्ती असेल. निवड इथेही देता येते, फक्त ती लहान करावी लागते : 'काय नेसणार?' असं न विचारता दोन साड्या पुढे धरायच्या.

वागणं एकाएकी बदललं तर मात्र मानसशास्त्र बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावं. दोन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला किंवा अगदीच मलूल झाला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध अशी कारणं असू शकतात. 'वय झालं' म्हणून सोडून देणं जिवावर बेतू शकतं.

स्मृतिभ्रंशात वारंवार येणारा प्रसंग म्हणजे चोरीचा आळ. आजींनी पाटल्या उशीच्या अभ्र्यात लपवल्या, लपवल्याचं विसरल्या, आणि जागेवर पाटल्या नाहीत. घरात परकी बाई एकच आहे. आजींच्या दृष्टीनं निष्कर्ष चोख आहे. पुस्तकं सांगतात : वाद घालू नका, त्यांची काळजी मान्य करा, बरोबर शोधा. सल्ला बरोबर आहे. पण ज्या बाईची रोजीरोटी आणि इज्जत त्या आरोपावर टांगली आहे, तिनं तो शांतपणे झेलावा ही अपेक्षा करण्याआधी घरच्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, 'असं होईल, आणि आम्ही तुमच्यावर संशय घेणार नाही.' हे आश्वासन नसेल तर संयमाचे धडे फुकट आहेत.

आणि माझ्या मते या विषयातला दुर्लक्षित भाग हाच आहे. जिच्या हाती स्वतःच्या दिवसाची सूत्रं नाहीत, ती दुसऱ्याला त्याच्या दिवसाची सूत्रं देऊ शकत नाही. आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली विमानसेविकांच्या अभ्यासातून दाखवलं की, चेहऱ्यावर ठरावीक भावना बाळगणं हेही श्रमच असतात आणि त्यांनीही माणूस झिजतो. आपल्या मावशी हे श्रम बारा किंवा चोवीस तास करतात. पुष्कळदा गावी मुलं ठेवून, पेशंटच्या पलंगाखाली अंथरूण घालून, वेगळ्या कपातून चहा पिऊन. भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून परदेशातला मुलगा पाहतो आहे, हेही त्यांना माहीत असतं. आजोबांना काठी घेऊन अंगणापर्यंत जायचंय. पडण्याची भीती खरी आहे. या वयात खुब्याचं हाड मोडणं किरकोळ नसतं. पण ते पडले तर जाब मावशींना द्यावा लागणार आणि खुर्चीत बसून त्यांचे पाय निकामी झाले तर कुणालाच नाही. अशा हिशेबात मावशी खुर्चीच निवडणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही, हिशेब आपण मांडलेला आहे.

पगारी माणसाला एक अनुकूलताही असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात स्मृती हरवलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. मुलीला वडील पूर्वी काय होते ते ठाऊक आहे, म्हणून तिला गमावलेलंच अधिक दिसतं. चन्नम्मापुढे फक्त आजचा माणूस आहे. घराकडे माणसाचा भूतकाळ असतो, मावशीकडे त्याचा वर्तमान. दोहोंची देवाणघेवाण व्हायला हवी, आणि ती करायची तर मावशीला सल्ला देण्याचा अधिकारही हवा.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात. आपल्या बहुतेक घरांची आणि वृद्धाश्रमांची कल्पनाही तिथेच थांबते. ती पुढे न्यायला नव्या कायद्याची गरज नाही. मावशी ठेवताना पगार ठरतो, त्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात : हा माणूस कोणती कामं स्वतः करतो आणि ती त्याच्याकडून काढून घ्यायची नाहीत, कोणते धोके घरानं जाणूनबुजून पत्करले आहेत आणि त्यांचा दोष मावशीवर येणार नाही, आणि आठवड्याची सुट्टी, रात्रीची झोप ही मेहेरबानी नसून कामाचा भाग आहे. ज्या घराला एवढं मान्य नसेल, त्यानं मावशीकडून प्रेमाची अपेक्षा करू नये.