जिज्ञासा ही साधनेची पहिली पायरी

सकाळी अर्घ्य देताना क्षितिजाला टेकलेले सूर्यबिंब आपण पाहतो. वास्तविक त्या क्षणी सूर्य क्षितिजाखालीच असतो. वातावरणात प्रकाशकिरण वाकल्यामुळे तो आधीच दिसू लागतो. शिवाय तो प्रकाश सूर्यापासून सुमारे ८ मिनिटांपूर्वी निघालेला असतो.

रोजचे दर्शनही आपल्याला पुरते उमगलेले नाही. मग ‘मला सर्व कळले’ हा अहंकार कशाचा? श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने पृथ्वी, मधमाशी, कोळी असे २४ गुरू केले. शिकण्याला वय नसते.

घरातील मुलाने ‘असे का?’ विचारले, तर त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्यासोबत शोधा. जिज्ञासा विझली, की साधनेची केवळ सवय उरते.