दुरुस्तीची नैतिकता : गळती, मूळ रचना आणि निष्ठा

'दुरुस्ती' हा शब्द मराठीत इतक्या सहजतेने वापरला जातो की त्यामागे एखादा नैतिक प्रश्न उभा असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. दुरुस्त म्हणजे योग्य, बरोबर. बिघडलेले पुन्हा योग्य करणे म्हणजे दुरुस्ती. परंतु योग्य म्हणजे कोणाच्या दृष्टीने योग्य? निर्मात्याच्या संकल्पानुसार, वस्तूच्या आजच्या अवस्थेनुसार, की वापरणाऱ्याच्या गरजेनुसार? साहित्यव्यवहारात हा प्रश्न पाठचिकित्सेच्या निमित्ताने वारंवार चर्चिला गेला आहे. यंत्रांच्या बाबतीत मात्र तो 'तांत्रिक' ठरवून मेकॅनिककडे सोपवला जातो. चार गिअरच्या जुन्या बुलेट मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधून होणारी तेलगळती हे साधे उदाहरण तपासले, तरी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही हे ध्यानात येते.

या यंत्राची घडण प्रथम पाहायला हवी. मद्रास येथे १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मूळ इंग्रज आराखड्याची बुलेट तेथे तयार होऊ लागली. इंग्लंडमधील रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मद्रासमधील उत्पादन मात्र चालू राहिले. एका अर्थाने मूळ प्रत नष्ट होऊन नक्कल टिकली आणि कालांतराने तीच मूळ मानली जाऊ लागली. या रचनेत इंजिन आणि गिअरबॉक्स स्वतंत्र आहेत. इंजिनची शक्ती डाव्या बाजूच्या चेनकेसमधील साखळीने क्लचकडे, तेथून गिअरबॉक्सकडे आणि शेवटी दुसऱ्या साखळीने मागच्या चाकाकडे जाते. चेनकेसमध्ये तेल असते, गिअरबॉक्समध्ये वेगळे वंगण असते, इंजिनचे तेल आणखी निराळे. गाडीखाली सकाळी दिसणारा काळा डाग या तिहींपैकी कोणाचा, हे डागाकडे पाहून सांगता येत नाही.

या गळतीचे तीन प्रकार कल्पिता येतात. पहिला प्रकार वापरणाऱ्याच्या गैरसमजातून उद्भवतो. अल्बियन पद्धतीचा हा गिअरबॉक्स पातळ तेलासाठी नव्हे, तर ग्रीससाठी किंवा ग्रीस आणि तेल यांच्या दाटसर मिश्रणासाठी कल्पिलेला होता. शाफ्ट जेथून बाहेर येतो तेथे आधुनिक रबरी सीलसारखा पक्का बंदोबस्त या रचनेला अभिप्रेतच नव्हता. दाट वंगण सहसा जागा सोडत नाही, या गृहीतावर ती उभी होती. आजचा मालक गिअरबॉक्स म्हणजे तेल असा अर्थ लावून त्यात पातळ तेल ओततो, ते बाहेर येते, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी मारला जातो. येथे यंत्र बिघडलेले नाही. त्याचे वाचन चुकले आहे. एका काळाच्या संकेतांनी रचलेली कृती दुसऱ्या काळाच्या संकेतांनी वाचली की तिच्यात 'उणिवा' दिसू लागतात, हा अनुभव मराठी समीक्षेला अपरिचित नाही. ओवीला मुक्तच्छंदाच्या अपेक्षेने वाचणारा वाचक असाच तक्रार करतो.

दुसरा प्रकार पूर्वीच्या दुरुस्त्यांचा. बुलेटच्या चेनकेसचे झाकण मधल्या एकाच नटाने आवळलेले असते आणि कडेने रबरी पट्टी बसवलेली असते. तेल झिरपू लागले की स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणजे तो नट आणखी आवळणे. अतिरेकी जोराने झाकण मध्यभागी दबते, कडा वाकते आणि गळती वाढते. मग नट पुन्हा आवळला जातो. झाकण निघत नाही म्हणून कोणी फटीत पेचकस घालून ते उचकटतो. त्या ओरखड्यातून पुढची अनेक वर्षे तेल वाट काढते. कोणी कागदी पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर फासतो. आतल्या बाजूस आलेला त्याचा फुगवटा तुटून तेलमार्गात अडकण्याचा धोका राहतो. बाहेरचा थेंब थांबतो, आत मात्र वेगळे संकट तयार होते. म्हणजे गळती हा नेहमीच काळाचा परिणाम नसतो. अनेकदा तो दुरुस्तीचाच इतिहास असतो. लेखनिकाने न कळलेला शब्द 'सुधारावा', पुढच्याने त्या सुधारणेशी जुळते घेण्यासाठी शेजारचा शब्द बदलावा आणि अखेर संपूर्ण ओळ निरर्थक व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

निदानाचा प्रश्नही येथेच येतो. थेंब जेथे दिसतो तेथून तो आलेला असेलच असे नाही. इंजिन आणि चेनकेस यांच्यामधील सील निकामी झाले तर चेनकेसमधून गळणारे तेल वस्तुतः इंजिनचे असते. इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट तुंबली तर निर्दोष सांध्यांतूनही तेल बाहेर पडते. जाणता मिस्त्री म्हणून आधी पाना उचलत नाही. तो भाग धुऊन कोरडा करतो, त्यावर टाल्कम पावडरसारखी पूड भुरभुरतो, गाडी थोडी चालवून आणतो आणि मग पुडीवर उमटलेली ओली रेघ वाचतो. हायडेगर यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की हाताशी असलेले साधन बिघडेपर्यंत आपल्याला साधन म्हणून जाणवतच नाही. बिघाडातच ते दृश्यमान होते. त्यात एवढी भर घालायला हवी की बिघाड वस्तू दाखवतो, कारण दाखवत नाही. कारण शोधावे लागते, आणि शोधण्यासाठी थांबण्याची तयारी लागते. ही तयारी कौशल्याचा भाग आहे तितकीच ती नैतिक आहे. कारण लक्षणावर लेप लावून पैसे घेणे हे अज्ञान असेलच असे नाही, पुष्कळदा ते दुर्लक्ष असते.

तिसरा प्रकार सर्वांत अडचणीचा आहे. गैरसमज दूर केला, जुन्या दुरुस्त्यांचे व्रण काढले, आणि तरीही थेंब राहिलाच, तर तो मूळ रचनेचा असतो. अशा वेळी दोन पक्ष पडतात. शुद्धतावाद्यांच्या मते तो थेंब यंत्राच्या अस्सलपणाची खूण आहे. 'तेल गळत नसेल तर आत तेलच नाही,' असा विनोद जुन्या इंग्रज धाटणीच्या गाड्यांच्या रसिकांत रूढ आहेच. सुधारणावाद्यांच्या मते निर्मात्याला आजचे सील उपलब्ध असते तर त्याने ते बसवलेच असते. म्हणून आज ते बसवणे हीच निर्मात्याच्या हेतूशी निष्ठा. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये हेतुदोषाची जी चर्चा केली, तिच्या प्रकाशात हा दुसरा युक्तिवाद तपासण्याजोगा आहे. निर्मात्याच्या मनातील न घडलेला संकल्प आपण गृहीत धरतो आणि त्याच्या नावावर आपलीच इच्छा पूर्ण करतो. पण पहिला पक्षही निर्दोष नाही. तो ज्याला अस्सल म्हणतो ती अवस्था म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी, की अनेक वर्षे अनेक हातांतून गेलेली गाडी, हे तो सांगत नाही.

पाठचिकित्सेची परंपरा येथे उपयोगी पडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तिच्यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. शुद्ध करणे आणि भर घालणे यांतील सीमारेषा त्यांनी स्पष्ट आखली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखठणकर यांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊ लागली. तिचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्या आवृत्तीत अनिश्चित पाठ नागमोडी रेघेने दाखवले आणि वगळलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत जपले. संपादकाने निर्णय घेतला, परंतु तो लपवला नाही. पुढच्या अभ्यासकाला तो उलटवता येईल इतकी सामग्री त्याच्या हाती ठेवली. दुरुस्तीच्या नीतीचे सूत्र या पद्धतीत सापडते.

मात्र हे साम्य एका जागी संपते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. भ्रष्ट पाठ तसाच ठेवला तर फार तर अर्थ अडतो. गिअरबॉक्समधून शेवटच्या साखळीवर आलेले तेल मागच्या टायरवर उडाले तर ओल्या वळणावर माणूस पडतो. मागे बसलेल्या व्यक्तीने अस्सलपणाच्या तत्त्वाला संमती दिलेली नसते, रस्त्यावरून येणाऱ्या अनोळखी माणसानेही नाही. म्हणून यंत्राच्या दुरुस्तीत मूळ रचनेवरील निष्ठा हे अंतिम मूल्य ठरू शकत नाही. जमिनीवर पडणारा थेंब हा आवडीचा विषय असू शकेल. टायरवर पडणारा थेंब तसा नाही. या फरकापुढे शुद्धतावाद्याला माघार घ्यावीच लागते.

मग मूळ रचनेशी काहीच नाते उरत नाही काय? उरते, पण त्याचे स्वरूप बदलते. झाकणाची कडा काचेवर घासून सपाट करणे, ती वाकण्याइतका नट न आवळणे, सांध्याच्या मापाचे पॅकिंग कापणे, अभिप्रेत वंगण भरणे, ही कामे मूळ रचनेचे म्हणणे ऐकून घेण्याची आहेत. इतके करूनही धोका उरला तर नवे सील बसवावे. परंतु शक्य तोवर मूळ भागावर यंत्र न चालवता, पुन्हा काढता येईल असे. अडलेल्या गिऱ्हाइकाला कामावर पोचायचे असते, हातात पैसे नसतात, तेव्हा कामचलाऊ उपायही गैर नाही. तो गैर ठरतो तो पक्की दुरुस्ती म्हणून खपवला जातो तेव्हा. 'हे तात्पुरते आहे' एवढे सांगणे हीच मिस्त्रीची नागमोडी रेघ.

दुरुस्तीचा विचार सहसा निर्माता आणि मालक या दोघांच्याच संदर्भात केला जातो. प्रत्यक्षात तिसरी एक व्यक्ती सदैव उपस्थित असते : हेच झाकण पुन्हा उघडणारा पुढचा मिस्त्री. त्याला आटे गेलेला स्क्रू, वाळलेला सिलिकॉन आणि पेचकसाचे व्रण मिळतात, की सपाट कडा आणि उलगडता येईल असा सांधा मिळतो, यावर आजच्या हाताचे मूल्य ठरते. निर्माता आता उत्तर देऊ शकत नाही, मालक बदलत राहतो. उत्तरदायित्व उरते ते या न भेटलेल्या माणसापाशी. कोणतीही दुरुस्ती अखेरची नसते, हे ज्याने मान्य केले, त्याच्या हातची दुरुस्ती प्रामाणिक असण्याची शक्यता अधिक. साहित्यकृतीचे संपादन करणाऱ्यालाही याहून वेगळी कसोटी लावण्याचे कारण नाही.