कुंडीतले रोप आणि दारातला माणूस



मे महिना पवित्र मरीयामातेचा. तिला वाहायची फुले मिळावीत म्हणून आपण ओट्यावर, गच्चीवर मोगरा लावतो. ऊनही याच महिन्यात कडक. जमिनीतले झाड ओलाव्यासाठी मुळे खोल नेते. कुंडीतल्या रोपाला ती सोय नाही. तापलेली कुंडी मुळांनाच भाजते. म्हणून आपण भल्या सकाळी भरपूर पाणी घालतो, मातीवर सुका पाला किंवा नारळाची सोडणे पसरतो, कुंडीखाली विटा ठेवतो आणि दुपारी ती सावलीत ओढतो.

योना संदेष्ट्यासाठी देवाने निनवे नगराबाहेर सावली देणारे रोप उगवले. दुसऱ्या दिवशी ते किडीने खाल्ले, पूर्वेचा उष्ण वारा सुटला आणि रोप गेले म्हणून योना संतापला. तेव्हा देवाने त्याला विचारले की, तुला न लावलेल्या रोपाची कीव येते, तर १ लाख २० हजारांहून अधिक माणसांच्या नगराची मला येऊ नये काय? योनाचे उत्तर पवित्र शास्त्रात नाही. ते आपण द्यायचे आहे.

आपण कुंडी सावलीत ओढतो, तेव्हा फाटकाशी पार्सल आणणारा मुलगा उन्हात उभा असतो. शेजारी पत्र्याच्या खोलीत एखादी आजी एकटी असते. त्यांची विचारपूस कोण करतो? प्रभू येशूच्या नावाने दिलेला गार पाण्याचा एक पेलाही वाया जात नाही. या आठवड्यात कुंडीला पाणी घालताना एक तांब्या त्यांच्यासाठीही भरू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.